अन्नाची तपासणी : लहान दोष कोणता, मोठा कोणता



दुधाच्या पिशवीवर, बिस्किटांच्या पुड्यावर किंवा लोणच्याच्या बरणीवर चौदा आंकड्यांचा एक परवाना-क्रमांक छापलेला असतो. तो सहसा कोणी वाचीत नाहीं, आणि वाचला तरी आंतल्या वस्तूविषयीं त्यावरून फारसा बोध होत नाहीं. परंतु असल्या क्रमांकांच्या मागें पुष्कळदां एक मनुष्य येऊन गेलेला असतो, व आज मला त्याच्या कामाविषयीं बोलावयाचें आहे. हातांत छापील यादी घेऊन तो कारखान्यांत किंवा उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यांत शिरतो. भिंती, नळ, चाळण्या, कोठारें, कामगारांचीं नखें, उष्णतामापक व नोंदवह्या पाहतो. आणि संध्याकाळीं निघतांना, जे दोष सांपडले त्यांची दोन गटांत वांटणी करून ती मालकाच्या हवालीं करतो. एका गटास इंग्रजींत ‘मेजर नॉन-कन्फॉर्मिटी’ म्हणतात, दुसऱ्यास ‘मायनर’. आपण त्यांना गंभीर दोष व किरकोळ दोष म्हणूं. कांहीं पद्धतींत या दोहोंच्याहि वर ‘क्रिटिकल’, म्हणजे थेट प्राणावर बेतणारा, असा तिसरा वर्ग असतो. पण खरा घोळ होतो तो पहिल्या दोन वर्गांच्या सीमेवर.

ही वांटणी म्हणजे केवळ कागदी सोपस्कार नव्हे. एफ.एस.एस.सी. २२००० या नांवाची जी पद्धति पुष्कळ मोठे कारखाने पाळतात, तींत गंभीर दोष निघाल्यास तो दूर केल्याचा पुरावा २८ दिवसांच्या आंत द्यावा लागतो. त्यावांचून प्रमाणपत्राचें काम पुढें सरकत नाहीं. किरकोळ दोषाच्या बाबतींत सुधारणेची योजना मान्य करून घेतली, म्हणजे तिचा परिणाम झाला कीं नाहीं हें पुढील तपासणींत पाहिलें तरी चालतें. पुढील तपासणी बहुधा वर्षानें येते. तेव्हां जो गंभीर दोष चुकून किरकोळ गटांत पडला, तो वर्षभर आपल्या ताटांत येत राहूं शकतो.

मी जन्मभर शिक्षकाचा धंदा केला. दोषांची प्रतवारी करणें हें आमचें रोजचें काम. एका मुलाचें अक्षर कोंबडीच्या पायासारखें, कागदावर शाईचे डाग, समास सोडलेला नाहीं. पण त्रैराशिक बरोबर. दुसऱ्याचें अक्षर मोत्यासारखें, रेघा आंखलेल्या, उत्तराभोंवतीं चौकट. पण दशांशचिन्ह एक घर सरकलेलें. या दोन वह्या एखाद्या पाहुण्यास दाखविल्या तर तो पहिल्या मुलास नापास करील. गणिताचा शिक्षक मात्र दुसऱ्या वहीवर थांबतो. कारण औषधाच्या मात्रेंत तें दशांशचिन्ह सरकलें तर काय होईल, हें त्याला ठाऊक असतें. अन्नाच्या तपासणींतहि पाहुण्याची नजर व जाणत्याची नजर अशा दोन नजरा आहेत. दोष डोळ्यांत किती खुपतो यावरून तो मोठा कीं लहान हें ठरविणें, ही पाहुण्याची नजर. दुर्दैवानें ती पुष्कळ तपासनिसांचीहि असते.

याचा एक दाखला अमेरिकेंतील आहे आणि तो जरा विस्तारानें सांगण्याजोगा आहे. कोलोरॅडो राज्यांत जेन्सन आडनांवाच्या दोघां भावांचें खरबुजांचें शेत होतें. शेतावरच खरबुजें धुऊन, वाळवून, पेट्यांत भरून दूरदूरच्या बाजारांत पाठविण्याची सोय होती. २०११ सालच्या जुलै महिन्याच्या २५ तारखेस एका खासगी संस्थेच्या वतीनें एक तपासनीस तेथें आला. त्यानें ती जागा पाहिली, यादी भरली आणि शंभरांपैकीं ९६ गुण देऊन ‘सुपीरियर’, म्हणजे उत्कृष्ट, असा शेरा मारला. परीक्षेंत ९६ गुण मिळविणाऱ्या मुलाच्या घरीं पेढे वांटतात. येथें त्या गुणांच्या भरंवशावर खरबुजें देशभर गेलीं. त्याच महिन्याच्या अखेरीपासून माणसें आजारी पडूं लागलीं. सप्टेंबरच्या १४ तारखेस माल परत बोलाविण्यांत आला, तोंपर्यंत व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. २८ राज्यांतील १४७ माणसें आजारी पडल्याची नोंद झाली व त्यांपैकीं ३३ दगावलीं. त्यांत बहुतेक वृद्ध होतीं. रोगाचें कारण लिस्टेरिया नांवाचा जंतु. हा जंतु मोठा चिवट आहे. इतर जंतूंची वाढ ज्या थंडींत खुंटते, त्या शीतकपाटाच्या थंडींतहि तो हळूहळू वाढत राहतो.

सरकारी शास्त्रज्ञ मागाहून त्या जागीं गेले. त्यांनीं यंत्रांवरून व जमिनीवरून ३९ ठिकाणचे नमुने पुसून घेतले, त्यांपैकीं १३ नमुन्यांत हाच जंतु सांपडला. यंत्रांजवळ व कामगारांच्या वाटेवर पाणी सांचत होतें. धुण्याचें यंत्र जुनें, पूर्वीं दुसरीकडे बटाटे धुण्यासाठीं वापरलेलें असून त्याच्या सांदीकोपऱ्यांतील घाण काढतां येत नव्हती. शेतांतून तापलेलीं खरबुजें आधीं थंड न करतां तशींच शीतगृहांत जात, त्यामुळें त्यांच्या सालीवर दंव धरे. आणि धुण्याच्या पाण्यांत जंतुनाशक द्रव्य मुळींच नव्हतें.

आतां गंमत पाहा. गंमत हा शब्द येथें बरा नव्हे, पण दुसरा सुचत नाहीं. आदल्या वर्षी, म्हणजे २०१० सालीं, त्याच शेतावर खरबुजें थंड पाण्याच्या यंत्रानें धुतलीं जात व त्या पाण्यांत क्लोरीन घातलेलें असे. तें पाणी पुन्हां पुन्हां फिरविलें जातें, त्यांतून अपाय संभवतो, असें त्या वर्षीच्या तपासनिसानें मालकांना सुचविलें. सूचना रास्त होती. मालकांनीं तें यंत्र काढून टाकलें व बटाट्यांचें यंत्र आणून बसविलें. पाणी फिरविणें थांबलें. परंतु त्याबरोबर क्लोरीनहि गेलें व फळ थंड करण्याची पायरीहि गेली. एक दोष निस्तरतांना दोन मोठे दोष घरांत आले, आणि पुढच्या वर्षी ते पाहण्यासाठीं आलेल्या मनुष्यानें ९६ गुण दिले.

त्यानें ती गोष्ट पाहिली नव्हती असें नाहीं. धुण्याच्या पाण्यांत जंतुनाशक घातलें जात नाहीं, हें त्यानें अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलें होतें. पण त्याबद्दल निकालावर परिणाम होईल असें कांहीं केलें नाहीं. पुढें अमेरिकन लोकसभेच्या समितीनें चौकशी केली तेव्हां खुलासा असा करण्यांत आला कीं, पाण्यांत जंतुनाशक वापरावें ही सरकारची केवळ मार्गदर्शक सूचना होती, सक्तीचा नियम नव्हता. आणि सक्ती नसलेल्या गोष्टीसाठीं गुण कापणें हें तपासनिसाचें काम नव्हे.

या खुलाशावर मला राग येतो, हें मी लपवीत नाहीं. डोळ्यांस दिसलें, हातानें लिहिलें, आणि तरीहि त्याचें वजन केलें नाहीं! दोष हुडकून काढणें हें तपासनिसाचें अर्धें काम. त्याचें वजन करणें हें उरलेलें अर्धें, आणि तेंच अवघड.

हें वजन कसें करावयाचें? त्याच बटाट्याच्या यंत्रापाशीं क्षणभर थांबूं. तें यंत्र जेथून आलें तेथें त्यांत बटाटेच धुतले जात होते. त्या यंत्राच्या सांदींत घाण होती, पाण्यांत जंतुनाशक नव्हतें, असें समजा. बटाटा घरीं येतो, आपण तो पुन्हां धुतों, उकडतों, सोलतों, मग खातों. यंत्रांतून आलेला जंतु चुलीवर मरतो. तपासनिसानें तेथें तो दोष किरकोळ म्हटला असता तर मी त्याला बोल लावला नसता. तेंच यंत्र, तीच घाण, तेंच पाणी. परंतु आंत बटाट्याच्या जागीं खरबूज आलें, आणि सर्व हिशेब पालटला. खरबूज कोणी उकडीत नाहीं. सुरी सालींतून आंत जाते व सालीवरचें सर्व कांहीं गराला लावीत जाते. शेतावरील त्या धुण्यानंतर खाणाऱ्याच्या जिभेपर्यंत जंतूला अडविणारें एकहि दार उरलेलें नव्हतें.

दोषाचा मोठेपणा दोषांत नसून त्याच्या पुढच्या वाटेंत असतो, असें मला म्हणावयाचें आहे. दोष दिसला कीं आधीं विचारावें : यानंतर या अन्नाला आणखी कोणतें दार ओलांडावयाचें आहे? पुढें उकळणें आहे काय, भाजणें आहे काय, चाळणी आहे काय, लोखंडाचा कण हुडकणारें यंत्र आहे काय? पुढें भक्कम दार असेल तर दोष थोडा हलका होतो. हेंच शेवटचें दार असेल, तर त्या दाराच्या कडींतील ढिलेपणासुद्धां गंभीर. अन्नसुरक्षेच्या शास्त्रांत अशा दारांना स्वतंत्र नांव आहे. त्यांना आणीबाणीचे नियंत्रण-बिंदु म्हणतां येईल. हॅसॅप या आद्याक्षरी नांवानें ओळखली जाणारी ही सर्व पद्धति अमेरिकेंत १९६० च्या सुमारास अंतराळवीरांच्या शिदोरीसाठीं बसविण्यांत आली. अंतराळांत पोट बिघडलें तर वैद्य बोलावतां येत नाहीं. तेव्हां अन्न तयार झाल्यावर तपासण्यापेक्षां तें बिघडण्याच्या जागा आधींच हेरून तेथें पहारा बसवावा, ही त्यामागील कल्पना.

दुधाचें उदाहरण घरगुती आहे. दुग्धालयांत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. उष्णता कमी पडली तर एक झडप आपोआप फिरून तें दूध पुन्हां तापविण्यास मागें धाडते. आतां अशा ठिकाणीं तपासनिसाला दोन दोष दिसले. आवारांतील एका भिंतीचा गिलावा पडलेला आहे; आणि तापविण्याच्या यंत्रावरील उष्णतामापक तीन अंश जास्त दाखवितो. पडलेला गिलावा सर्वांना दिसतो, तो पाहून मालकाचीहि मान खालीं जाते. उष्णतामापक मात्र कांचेआड चकाकत बसलेला असतो व त्यावर ७२ हा आंकडा स्वच्छ दिसतो. खरोखर दूध ६९ अंशांवरच असतें आणि झडप निमूट बसलेली असते. भिंतीला डागडुजीसाठीं महिना दिला तरी चालेल. या दुसऱ्या दोषासाठीं त्या दिवसाचें दूध अडवून ठेवावें लागेल. तोच तीन अंशांचा फरक कचेरींतल्या भिंतीवरील उष्णतामापकांत असता तर त्याची नोंदहि कोणी केली नसती.

दुसरा प्रश्न दार चुकल्यास अपाय केवढा होईल हा, आणि तो सहसा उघड असतो; त्यावर मी वेळ घालवीत नाहीं. एकच सांगतों : अपाय करणारी वस्तु घाणेरडीच असते असें नाहीं. चॉकोलेटच्या कारखान्यांत भुईमुगाचा कूट पडलेलें यंत्र नीट न धुतां त्यावर दुसरा माल काढला आणि वेष्टणावर भुईमुगाचा उल्लेख केला नाहीं, तर आपल्यापैकीं बहुतेकांना तो माल गोड लागेल. पण ज्या मुलाच्या प्रकृतीला भुईमूग सोसत नाहीं, त्याचा श्वास कोंडेल. येथें कोठें झुरळ नाहीं, बुरशी नाहीं, दुर्गंधि नाहीं. आपल्या जुन्या घरांत सोंवळें किती कडक असे! ओल्या वस्त्रानें स्वयंपाक, कोणी शिवावयाचें नाहीं. परंतु ज्या विहिरीचें पाणी त्या सोंवळ्यांत आणलें जाई, तिच्या काठावर गुरें धुतलीं जात तिकडे कोणाचें लक्ष नसे. डोळ्यांच्या समाधानाला स्वच्छता म्हणण्याची संवय आपल्याला जुनी आहे.

तिसरा प्रश्न मला, शिक्षक म्हणून, सर्वांत जवळचा वाटतो. हा दोष एकदां झालेली चूक आहे, कीं व्यवस्थाच मोडल्याची खूण आहे? नोंदवहींत एका दिवसाचा रकाना कोरा राहिला, तर ती चूक. पण महिनाभराचे सारे रकाने एकाच शाईनें, एकाच बैठकींत, एकाच तिरप्या हातानें भरलेले दिसले, तर तो कोऱ्या रकान्यापेक्षां शतपट मोठा दोष होय. पाहुण्याच्या नजरेला मात्र ही भरलेली वही आदर्श वाटते! ज्यानें वर्षानुवर्षें मुलांचे गृहपाठ तपासले आहेत, त्याला सकाळीं घाईनें उतरविलेला गृहपाठ हातांत घेतांच कळतो. खऱ्या वहींत खाडाखोड असते, शाई बदलते, एखाद्या दिवशीं आंकडा वर गेलेला असतो व त्यापुढें कोणीतरी काय केलें तें लिहिलेलें असतें. तीस दिवस ७२, ७२, ७२ असा जप ज्या वहींत आहे, तेथें उष्णतामापकाकडे कोणी पाहिलेलेंच नाहीं.

शाळांत दुपारची खिचडी शिजूं लागली तेव्हांपासून असल्या वह्या आमच्याहि वांट्याला आल्या. मुलांना वाढण्यापूर्वीं शिक्षकानें अन्न चाखावें व तशी नोंद करावी, असा नियम आहे. एका शाळेंत, तिचें नांव घेण्याचें कारण नाहीं, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानें स्वयंपाकीणबाईच्या डोक्याला रुमाल नसल्याबद्दल चार ओळी लिहिल्या. त्या मीं स्वतः वाचल्या आहेत. चव-नोंदवहीवर त्यानें बरोबरची खूण करून सही ठोकली. त्या वहींत रोज ‘चव उत्तम’ असें लिहिलेलें होतें. ज्या दिवशीं गांवच्या जत्रेमुळें शाळा बंद होती व चूलहि पेटली नव्हती, त्या दिवशींहि चव उत्तमच होती. रुमाल नसणें हा दोष खराच. परंतु एखादा केंस ताटांत आला तर किळस येईल, मूल ताट सारील. चाखण्याचें दार मात्र केवळ कागदावर उभें होतें, आणि त्या दारांतून काय येऊं शकतें हें या देशानें एकदां पाहिलें आहे.

१६ जुलै २०१३ रोजीं बिहारच्या सारण जिल्ह्यांतील गंडामन या गांवच्या शाळेंत दुपारचें जेवण जेवून २३ मुलें मेलीं. अन्नाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस नांवाचें कीटकनाशक निघालें. तपासणीच्या कोणत्याहि यादींत एक साधी ओळ असते : औषधें, कीटकनाशकें व धुण्याचीं रसायनें अन्नापासून वेगळ्या जागीं, नांव लिहिलेल्या भांड्यांत ठेवलेलीं आहेत काय? ही ओळ कचऱ्याच्या टोपलीला झांकण आहे काय, या ओळीच्या खालीं-वर कोठेंतरी असते. त्याच ठशांत, त्याच आकारांत. वाचणाऱ्यानें तिच्यापाशीं थबकावें असें तिच्या अंगावर कांहींहि लिहिलेलें नसतें.

किरकोळ दोषांविषयींहि एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर माझें बोलणें एकांगी होईल. किरकोळ दोष एकटा असेल तोंपर्यंतच किरकोळ. हात धुण्याच्या एका जागीं साबण नाहीं, हा किरकोळ. चार जागीं साबण नाहीं, पांचव्या जागीं नळाला पाणी नाहीं आणि हात धुण्याची शिकवण कधीं दिली याची नोंद नाहीं. हे सहा किरकोळ दोष नव्हेत, येथें हात धुतलेच जात नाहींत असा एकच गंभीर दोष आहे. तपासणी-संस्थांना लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकांतहि हें तत्त्व मान्य केलेलें आहे. तसेंच मागील वर्षींचा किरकोळ दोष याहि वर्षीं त्याच जागीं भेटला, तर तो वाढला पाहिजे. भिंतीवरचा डाग तेवढाच असेल; पण सांगूनहि कोणी हललें नाहीं, ही गोष्ट नवी व मोठी आहे.

येथवरचें सर्व बुद्धीचें काम झालें. परंतु सीमेवरचा दोष खालच्या गटांत घसरतो तो नेहमीं अज्ञानानेंच घसरतो असें नाहीं. या तपासण्यांची फी पुष्कळदां ज्याची तपासणी व्हावयाची तोच देतो. मुलानेंच परीक्षकाला फी द्यावी व परीक्षकहि त्यानेंच निवडावा, असा हा प्रकार आहे. दिवसभर बरोबर फिरलेला, आग्रहानें जेवूं घातलेला व्यवस्थापक संध्याकाळीं हळूच म्हणतो, “साहेब, एवढें किरकोळमध्यें टाका. उद्यांच करून घेतों.” तो खोटें बोलतो असेंहि नाहीं, तो उद्यां करून घेईलहि. पण उद्यां दुरुस्त होणारा दोष आज गंभीर नव्हता असें ठरत नाहीं. जॉर्जिया राज्यांतील ब्लेकली गांवीं शेंगदाण्यांचा एक कारखाना होता. २००८ सालीं मालकाच्याच खर्चानें आलेल्या तपासनिसानें त्याला उत्कृष्ट ठरविलें. त्याच वर्षाच्या अखेरीस व २००९ च्या आरंभीं त्या कारखान्याच्या मालांतून साल्मोनेला पसरला. ७१४ माणसें आजारी पडलीं, नऊ मृत्यूंशीं त्याचा संबंध लावण्यांत आला. कारखान्याच्या मालकास २०१५ मध्यें २८ वर्षांची शिक्षा झाली. आणि हाच कारखाना २००२ सालीं नेस्ले कंपनीनें आपला स्वतःचा माणूस पाठवून पाहिला होता. कच्चे व भाजलेले दाणे तेथें पुरेसे अलग ठेवलेले नाहींत, असें त्याला आढळलें, व कंपनीनें तेथून माल घेतला नाहीं. भाजणें हें शेंगदाण्याचें शेवटचें दार. भाजलेल्या दाण्याशेजारीं कच्चा दाणा ठेवणें म्हणजे दार लावून घेतल्यावर चोराला खिडकींतून आंत घेणें. ज्या तपासनिसाला मालकाच्या खुशीशीं कर्तव्य नव्हतें, त्याला तें दिसलें.

उलट बाजूचाहि एक रोग आहे. कांहीं तपासनीस आपली कडक शिस्त दाखविण्यासाठीं सगळेंच गंभीर ठरवितात. फुटलेली फरशी गंभीर, मळका अंगरखा गंभीर, फळ्यावरची जुनी तारीख गंभीर. सगळ्या वहीवर तांबडी शाई ओतणारा शिक्षक मुलाला कांहींच शिकवीत नाहीं, हें आम्हां शिक्षकांना ठाऊक आहे. मालक बिचारा फरशी बदलण्यांत महिना घालवितो व उष्णतामापक तसाच राहतो.

यावर आपल्याकडे एक उपाय योजलेला आहे व तो मला फार आवडला. २००६ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या भारतीय अन्न सुरक्षा व मानकें प्राधिकरणानें निरनिराळ्या धंद्यांसाठीं तपासणीच्या याद्या केल्या आहेत. उपाहारगृहांच्या यादींत एकूण ११४ गुण आहेत. बहुतेक प्रश्नांना दोन-दोन गुण. पण कांहीं प्रश्नांपुढें एक तारा छापलेला असून त्यांना चार-चार. अन्नांत वापरलेलें पाणी पिण्यायोग्य आहे काय, हा असाच एक तारांकित प्रश्न. आणि खालीं स्पष्ट म्हटलें आहे कीं तारांकित प्रश्नांपैकीं एकांतहि चुकलें, तर ती संस्था अनुत्तीर्ण. इतर बेरीज मग कितीहि होवो. मॅट्रिकला बसलेल्या माझ्या पिढीला हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं. इतर सर्व विषयांत भरघोस गुण आणि एका सक्तीच्या विषयांत गटांगळी, म्हणजे पुन्हां पुढच्या वर्षी फी भरणें आलें. जेन्सन बंधूंच्या यादींत पाण्याच्या ओळीपुढें असा एक तारा असता तर ९६ हा आंकडा कागदावर लिहिला गेलाच नसता. तारा कोठें काढावयाचा हें मात्र माणसालाच ठरवावें लागतें. उद्यां एखादा नवा पदार्थ आला, नवें यंत्र आलें, कीं जुन्या यादींतला तारा चुकीच्या ओळीपुढें राहून जातो.

आपण घरचीं माणसें कोणाच्या कारखान्यांत शिरूं शकत नाहीं. परंतु लग्नमुंजीचें जेवण ठरवितांना, मुलाची खानावळ पाहतांना, सोसायटीच्या समारंभासाठीं आचारी शोधतांना आपण सर्वच थोडावेळ तपासनीस होतों, आणि बहुधा चकचकीत भांडीं व आचाऱ्याचा पांढरा अंगरखा पाहून परत येतों. गरमागरम वरणभाताची काळजी तेवढी नसते. तो चुलीवरून उतरून लगेच पानांत येतो. विचारावें तें जें पुन्हां चुलीवर चढणार नाहीं त्याविषयीं : कोशिंबीर कोणत्या विळीवर चिरली जाते, पन्ह्यांतला बर्फ कोणत्या पाण्याचा, श्रीखंड किती वाजतां येणार व पंगत बसेपर्यंत कोठें राहणार.

आमच्याकडच्या एका कार्यासाठीं मीं हे प्रश्न तीन आचाऱ्यांना विचारले. पहिल्यानें आपल्याकडील भांडीं दाखविलीं. दुसऱ्यानें आजवर किती हजार पानें उठविलीं तें सांगितलें. तिसऱ्याचा अंगरखा फारसा पांढरा नव्हता, त्यानें मलाच उलट विचारलें, “मास्तर, पंगत नक्की किती वाजतां बसणार तें आधीं सांगा.” साडेबाराला, असें मीं सांगितलें. काम त्याला दिलें. त्या दिवशीं श्रीखंड बाराला आलें, आणि बर्फाच्या पेटींतून आलें.